बर्कडेलचा चौथा क्रमांक आणि त्यानंतरचे २१ शुक्रवार

प्रश्न असा आहे: "माझा सतरा वर्षांचा भाचा हौशी गोल्फमध्ये कायम वरच्या क्रमांकांत असतो. घरात सध्या एकच विषय आहे, याच वर्षी व्यावसायिक व्हायचं का. एक मामा इंग्लिश गोल्फपटू जस्टिन रोजचं उदाहरण देतात, तो सतराव्या वर्षी ब्रिटिश ओपनमध्ये चौथा आला होता. दुसरे म्हणतात, त्यानंतर तो सलग २१ स्पर्धांतून बाद झाला. दोन्ही खरं असेल तर आम्ही त्यातून काय घ्यायचं?"

दोन्ही खरं आहे. तुमच्या घरातल्या चर्चेला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. मी काही वर्षं स्वतः पैशासाठी खेळलो, नंतर थोडा काळ कॅडी म्हणून दुसऱ्यांची बॅग उचलली आणि गेली चोवीस वर्षं मुलांना शिकवतो आहे. मोठं नाव झालेल्या खेळाडूची सुरुवात सांगताना लोक पहिली चमक सांगतात आणि तिथून थेट पहिल्या चषकावर उडी मारतात. मधली वर्षं गळून जातात. तुमच्या भाच्यापुढे नेमकी तीच वर्षं उभी आहेत.

आधी बर्कडेल. १९९८ चा जुलै, इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं रॉयल बर्कडेल, ती ब्रिटिश ओपन झाली तो कोर्स. रोजचा जन्म जोहान्सबर्गचा, पाच वर्षांचा असताना घरचे इंग्लंडला आले, हॅम्पशायरमध्ये तो वाढला. वडील केन यांनीच त्याला शिकवलं. अकराव्या वर्षी त्याने पहिल्यांदा सत्तरच्या आत फेरी खेळली, चौदाव्या वर्षी हँडिकॅप (पार, म्हणजे कोर्ससाठी ठरलेली शॉटसंख्या, तिच्यापेक्षा साधारण किती शॉट जास्त लागतात तो आकडा) शून्याच्या पलीकडे, म्हणजे 'प्लस'मध्ये. १९९७ मध्ये वॉकर कपच्या (ब्रिटन-आयर्लंड विरुद्ध अमेरिका अशा हौशी खेळाडूंच्या लढतीच्या) संघात तो आला तेव्हा वय सतरा वर्षं आणि काही दिवस, तोवरचा सर्वांत लहान खेळाडू. थोडक्यात, बर्कडेलला पोहोचलेला मुलगा कुठून तरी अचानक उगवलेला नव्हता.

तिथे त्याने ७२, ६६, ७५ आणि ६९ अशा चार फेऱ्या खेळल्या. बेरीज २८२, पारपेक्षा दोन जास्त. विजेता मार्क ओ'मेरा आणि बरोबरी सोडवायला त्याच्याशी प्लेऑफ खेळलेला ब्रायन वॉट्स २८० वर होते, टायगर वुड्स २८१ वर. म्हणजे हा सतरा वर्षांचा हौशी मुलगा विजेत्यापासून फक्त दोन शॉट लांब होता. शेवटच्या होलवरचा त्याचा शॉट तुम्ही पाहिला असेल. चेंडू ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) अलीकडे रफमध्ये, म्हणजे लांब गवतात, अंतर पन्नासेक यार्ड, सभोवार गच्च भरलेले स्टँड. त्याने वेज (चेंडू उंच उचलणारा क्लब) उघडी धरली आणि चेंडू हळूच उचलला. तो ग्रीनवर उतरला, गडगडत गेला आणि थेट होलमध्ये पडला. त्याने दोन्ही हात वर केले, मान मागे टाकली आणि गर्दीचा तो आवाज अंगावर घेतला.

मुलांना हा शॉट दाखवताना मी चेंडू सोडून त्याच्या हातांकडे बघायला सांगतो. चेंडूजवळ उभं राहिल्यावर उगीच हालचाल नाही, शंका नाही, मुठी सैल, वेजचं डोकं गवतातून मऊपणे निघून जातं. हरवण्यासारखं काही नसलेल्या माणसाचे हात असेच चालतात. हौशी असल्यामुळे बक्षिसाचा एक पौंडही त्याला मिळणार नव्हता. ओ'मेराला तीन लाख पौंड मिळाले, रोजला सर्वोत्तम हौशी खेळाडूचं रौप्यपदक. चौथा आला काय आणि चौदावा आला काय, सोमवारी सकाळी त्याच्या खिशात तेवढंच राहणार होतं.

आणि नेमका त्याच सोमवारी तो व्यावसायिक झाला. त्याच आठवड्यात नेदरलँड्समधल्या हिल्व्हरसमला डच ओपनमध्ये टीवर, म्हणजे पहिला शॉट मारायच्या जागी, उभा राहिला. शुक्रवारी संध्याकाळी बाद. पुढची स्पर्धा, बाद. असं २१ वेळा, जवळजवळ वर्षभर.

गोल्फ नियमित न बघणाऱ्यांसाठी 'कट' म्हणजे काय ते सांगतो, कारण तुमच्या भाच्याचं पुढचं सगळं आयुष्य त्याभोवती फिरणार आहे. मोठ्या टूरवरच्या (वर्षभराच्या स्पर्धामालिकेतल्या) स्पर्धेत साधारण दीडशे जण गुरुवारी सुरू करतात. गुरुवार आणि शुक्रवार मिळून ३६ होल झाले की रेघ ओढली जाते. वरचे साधारण ६५ ते ७० जण आणि त्यांच्या बरोबरीत असलेले शनिवार-रविवार खेळतात, बक्षिसाचे पैसे सहसा फक्त त्यांनाच. बाकीचे निम्म्याहून जास्त लोक शुक्रवारी रात्री सामान बांधतात. विमान, हॉटेल, कॅडीचा आठवड्याचा पगार, जेवणखाण, सगळं खिशातून गेलेलं असतं आणि हातात शून्य. अर्धं नाही, पाव नाही, शून्य. दुसऱ्या कुठल्याही धंद्यात चांगलं काम करून महिनाभर एक पैसा न मिळणं इतकं सहज घडत नाही.

आता २१ हा आकडा जरा हातात घेऊन बघू. नाणं २१ वेळा उडवलं आणि एकदाही छापा पडला नाही, याची शक्यता वीस लाखांत एक. बरं, रोज नवखा होता, कट मिळण्याची संधी निम्मी नव्हे, दर दहांत तीन वेळा होती असं धरू. अठरा वर्षांच्या मुलासाठी हा वाजवी अंदाज आहे. तरीही २१ च्या २१ हुकण्याची शक्यता हजारात एकपेक्षाही कमी येते. हा माझा घरगुती हिशेब आहे, पण त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. हे निव्वळ दुर्दैव नव्हतं, आणि 'पोरात दमच नव्हता' हेही उत्तर बसत नाही, कारण दम असल्याशिवाय बर्कडेलला कुणी ६६ खेळत नाही. म्हणजे प्रत्येक हुकलेला कट पुढच्या कटची शक्यता आणखी खाली ढकलत होता. नाण्याला आदल्या वेळचं आठवत नाही, माणसाला आठवतं.

तरी सगळं मनावर ढकलून मी मोकळा होणार नाही. मनाच्या आधी दोन साध्या गोष्टी होत्या, त्या कुणी बोलत नाही.

पहिली गोष्ट, बर्कडेलचा खेळ आणि हिल्व्हरसमचा खेळ हे दोन वेगळे खेळ आहेत. बर्कडेल म्हणजे लिंक्स: समुद्रकाठ, वाळूचे डोंगर, कडक जमीन आणि वारा. त्या शनिवारी वारा एवढा होता की भलेभले ऐंशीच्या पुढे गेले, आणि रोजचा ७५ त्या दिवशी बरा म्हणावा असा होता. अशा आठवड्यात जो पार धरून ठेवतो, वाईट होलवर बोगीवर, म्हणजे पारपेक्षा एकच शॉट जास्त घेऊन, सुटतो आणि चिडत नाही, तो वर सरकतो. पारपेक्षा दोन जास्त खेळून माणूस चौथा येतो. पण टूरच्या नेहमीच्या आठवड्यात, झाडांच्या रांगांमधल्या, हवा शांत असलेल्या कोर्सवर, विजेता पारच्या पंधरा-अठरा खाली जातो आणि कटची रेघसुद्धा पारच्या खाली असू शकते. तिथे दोन दिवस पार-पार-पार खेळणारा माणूस नीटनेटकं गोल्फ खेळून घरी जातो. तिथे बर्ड्या, म्हणजे पारपेक्षा एक शॉट कमी घेतलेले होल, लागतात. दीडशे यार्डांवरून चेंडू पंधरा फुटांत ठेवायचा आणि त्यातले पुरेसे पट (ग्रीनवरून होलकडे ढकललेले शॉट) आत घालायचे, हे आठवड्यामागून आठवडे. धीर धरणं आणि धावा जमवणं यात जो फरक क्रिकेटमध्ये असतो, तोच इथे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्याच्याकडे कार्ड नव्हतं. टूर कार्ड म्हणजे वर्षभर ठरावीक दर्जाच्या स्पर्धांत खेळायचा हक्क. कार्ड नसेल तर आयोजकांच्या आमंत्रणावर खेळायचं, आणि अशी आमंत्रणं मोजकी असतात. मोजक्या संधींत एवढे पैसे मिळवायचे की कार्ड मिळावं, नाहीतर वर्षअखेरीला क्वालिफाइंग स्कूल, म्हणजे क्यू-स्कूल. आमंत्रणावर खेळणारा मुलगा दर आठवड्याला परीक्षेला बसल्यासारखा असतो. ज्याच्याकडे कार्ड आहे तो मार्चमध्ये तीन कट हुकले तरी एप्रिलकडे बघतो. आमंत्रितापुढे एप्रिल असतोच असं नाही. त्यात रोजला आमंत्रण मिळायचं ते बर्कडेलच्या मुलाला बघायला गर्दी येईल म्हणून. म्हणजे दर गुरुवारी पहिल्या टीवर कॅमेरे, दर शुक्रवारी पत्रकारांचा तोच प्रश्न, आणि शनिवारी वर्तमानपत्रात आणखी एक आकडा. दहा, अकरा, बारा. इतर नवखे गपचूप हुकतात आणि गपचूप शिकतात. याला ती सोय नव्हती.

आता मनाकडे येतो, पण रोजच्या मनात काय चाललं होतं हे मी सांगू शकत नाही. मी माझ्या एका विद्यार्थ्याचं सांगतो, कारण ते मी दहा फुटांवरून पाहिलं आहे. त्याचे सलग सहा कट हुकले होते. सातव्या स्पर्धेत मी त्याच्यासोबत बॅग घेऊन गेलो. गुरुवारी सुरेख खेळला. शुक्रवारी चौदाव्या होलपर्यंत तो रेघेच्या दोन शॉट आत होता. पंधराव्या टीवर त्याने ड्रायव्हर काढला, चेंडूमागे उभा राहिला, दिशा घेतली, चेंडूजवळ आला आणि क्लबचं डोकं नेहमीसारखं दोनदा हलवण्याऐवजी चारदा हलवलं. मी त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं, बोटांची पेरं पांढरी पडली होती. एरवी तो चेंडूजवळ आल्यापासून सात-आठ सेकंदांत मारायचा, त्या होलवर मी मनात तेरापर्यंत मोजलं. चेंडू उजवीकडे, झाडांत. बोगी. सोळाव्यावर त्याने ग्रीनच्या मध्यावर मारायचं सोडून बंकरपासून लांब मारलं आणि चेंडू लांबच राहिला, तीन पट. अठराव्यावर चार फुटांचा पट उरला. आत गेला असता तर कट मिळाला असता. पट होलच्या कडेपर्यंतही पोहोचला नाही.

मला आठवतं, त्या चार होलांत त्याने एकही वेडगळ निर्णय घेतला नाही. हाच धोका आहे. प्रत्येक निर्णय थोडासा भित्रा होता, प्रत्येक मूठ थोडीशी घट्ट. तंत्र तेच, दोन तासांपूर्वीचं. खेळाडू 'कुठे मारायचं' याऐवजी 'कुठे मारायचं नाही' यावर विचार करायला लागतो, आणि गोल्फचा स्विंग इतका नाजूक असतो की तेवढ्यानेही तो बिघडतो. मग घरी येऊन खेळाडू म्हणतो, स्विंग बिघडलाय. प्रशिक्षकही घाबरलेला असतो, तो स्विंग दुरुस्त करायला घेतो. जे मोडलेलं नव्हतं ते आता खरोखर मोडतं. पहिल्या वर्षाच्या खेळाडूंचं सर्वांत जास्त नुकसान मी इथे होताना पाहिलं आहे, आणि एकदा ते माझ्या हातूनही झालं आहे. त्या मुलाची ग्रिप मी ऐन हंगामात बदलली. नको होती बदलायला.

रोजची गोष्ट आणखी बोचरी व्हावी असं एक कारण होतं, त्याच्याच वयाची मुलं. अ‍ॅडम स्कॉट आणि तो, दोघेही जुलै १९८० चे, स्कॉट दोन आठवड्यांनी मोठा. सर्जिओ गार्सिया त्याच वर्षीच्या जानेवारीतला. गार्सिया १९९९ मध्ये व्यावसायिक झाला, जुलैमध्ये आयरिश ओपन जिंकला आणि ऑगस्टमध्ये पीजीए चॅम्पियनशिपमध्ये टायगरच्या मागोमाग दुसरा आला. रोज तेव्हा त्या २१ च्या खड्ड्यातून नुकता बाहेर डोकावत होता. तुमच्या भाच्यालाही बरोबरीची मुलं पुढे जाताना बघावं लागेल. हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.

मग तो बाहेर आला कसा? लोकांना एखादा क्षण हवा असतो, कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि सगळं बदललं, असा. तसा क्षण मला तरी दिसत नाही. दिसतं ते हे की १९९९ च्या अखेरीस तो क्यू-स्कूलला गेला आणि कार्ड मिळवलं. २००० चा हंगाम धड गेला नाही, कार्ड गेलं, तो पुन्हा क्यू-स्कूलला गेला आणि पुन्हा मिळवलं. क्यू-स्कूलची शेवटची फेरी सहा दिवसांची असते, १०८ होलांची. प्रेक्षक नसल्यासारखेच. खेळणाऱ्यांत कुणी वीस वर्षांचा उमेदवार, कुणी दोन मुलांचा बाप ज्याचं कार्ड सातव्यांदा गेलेलं आहे. रविवारचा जल्लोष नाही, चषक नाही, भिंतीवर एक यादी लागते आणि तुमचं नाव रेघेच्या वर असतं किंवा खाली. बर्कडेलला ज्याच्यासाठी सगळं स्टँड उभं राहिलं होतं, तो मुलगा दोनदा या शांततेत जाऊन सहा-सहा दिवस खेळला आणि दोन्ही वेळा यादीत वर राहिला. त्याच्या कारकिर्दीची सुरुवात कुठली असं मला कुणी विचारलं तर मी बर्कडेलकडे बोट दाखवत नाही. मी १९९९ चं क्यू-स्कूल सांगतो.

कारण कार्ड हातात आलं की खेळ बदलतो. पुढच्या महिन्यात कुठे खेळायचं हे माहीत असतं. एक वाईट शुक्रवार म्हणजे एक वाईट शुक्रवार, एवढंच राहतं. जानेवारी २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लागोपाठ दोन आठवडे तो दुसरा आला. पहिल्या आठवड्यात जोहान्सबर्गच्या हाउटन क्लबवर डनहिल चॅम्पियनशिप, आणि तिथे त्याला एका शॉटने मागे टाकणारा होता अ‍ॅडम स्कॉट, स्कॉटचा तो टूरवरचा पहिला विजय. पुढच्या आठवड्यात साउथ आफ्रिकन ओपन, पुन्हा दुसरा. बरोबर एका वर्षाने, जानेवारी २००२ मध्ये, त्याच डनहिल चॅम्पियनशिपमध्ये, त्याच हाउटनवर, ज्या शहरात जन्म झाला तिथे, तो पहिल्यांदा जिंकला. बर्कडेलपासून साडेतीन वर्षं. त्या एका वर्षात मग चार विजय झाले, दक्षिण आफ्रिकेत दोन, जपानमध्ये एक आणि जूनमध्ये इंग्लंडला वोबर्नवर ब्रिटिश मास्टर्स, इयन पोल्टरला एका शॉटने मागे टाकून. वडिलांना रक्ताचा कर्करोग होता. हे विजय त्यांनी पाहिले आणि त्याच सप्टेंबरमध्ये ते गेले.

साडेतीन वर्षं हा आकडा लक्षात ठेवा. पुढचं सगळं, २००७ मध्ये युरोपियन टूरचा ऑर्डर ऑफ मेरिट (वर्षाच्या कमाईच्या यादीत पहिला क्रमांक), २०१३ मध्ये मेरियनवर यूएस ओपन, २०१६ मध्ये रिओला ऑलिंपिक सुवर्ण, २०१८ मध्ये जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक, हे त्या साडेतीन वर्षांनंतरचं आहे. आणि तेही सरळ रेषेत नाही. २००४ च्या मास्टर्समध्ये तो दोन दिवस आघाडीवर होता आणि शनिवारी ८१ खेळला. अमेरिकेतल्या पीजीए टूरवरचा पहिला विजय २०१० मध्ये मिळाला, व्यावसायिक झाल्यानंतर जवळपास बारा वर्षांनी.

इथे मला एका समजुतीशी भांडायचं आहे. 'त्या २१ अपयशांनीच त्याला घडवलं' असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही, आणि तरुण मुलांना असं सांगणं मला धोक्याचं वाटतं. सलग कट हुकून संपलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्याकडेही शॉट होते, मेहनत होती. काहींनी क्लबला हात लावणं सोडलं. अपयश कुणाला घडवायला बसलेलं नसतं. रोजला ते सोसता आलं, कारण त्याच्या पायाखाली बरंच काही होतं. वडिलांनी लहानपणापासून बसवलेला स्विंग, जो मुळातून मोडावा लागला नाही. घरचा आधार. बर्कडेलच्या नावावर मिळालेले करार, म्हणजे हॉटेलचं बिल कसं भरायचं ही रात्रीची चिंता इतरांइतकी नाही. आणि वय. एकविसावा कट हुकला तेव्हा तो अठराच वर्षांचा होता. पंचविशीत सुरू करणाऱ्याला एवढा काळ मिळत नाही. या चारांपैकी दोन गोष्टी काढून घेतल्या असत्या तर आज आपण त्याचं नाव घेत असतो असं मला वाटत नाही.

आणि सोसावं लागलंच पाहिजे असंही नाही. आपल्या अदिती अशोकची सुरुवात बघा. बंगळूरूची, हौशी म्हणून २०१५ मध्ये ब्रिटनमधली मोठी स्ट्रोक-प्ले स्पर्धा जिंकलेली. तिने क्रम उलटा ठेवला. आधी हौशी असतानाच डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्कोत लेडीज युरोपियन टूरच्या क्यू-स्कूलला गेली, सतराव्या वर्षी ती जिंकली, आणि कार्ड खात्रीचं झाल्यावर १ जानेवारी २०१६ ला व्यावसायिक झाली. म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला आपला हंगाम माहीत होता. त्याच ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिक, वडील कॅडी. नोव्हेंबरमध्ये गुरुग्रामला विमेन्स इंडियन ओपन जिंकली, लेडीज युरोपियन टूरवर जिंकणारी पहिली भारतीय. दोन आठवड्यांनी कतारमध्ये दुसरा विजय. वर्षातली सर्वोत्तम नवी खेळाडू तीच. ती लांब मारणाऱ्यांतली नाही, तिचं सगळं पाठबळ शेवटच्या शंभर यार्डांत आणि पटिंगमध्ये आहे. रोज आणि अदिती दोघेही सतराचेच होते. एकाने जाहीर आधी केलं आणि कार्ड दीड वर्षाने मिळवलं, दुसरीने कार्ड आधी मिळवलं. मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला दुसरी वाट सांगतो. हौशी राहून क्यू-स्कूल खेळता येतं. कार्ड नाही मिळालं तर हौशी म्हणून आणखी एक वर्ष हातात राहतं, आणि ते वर्ष वाया जात नाही.

"मग टायगर?" असं कुणीतरी म्हणणारच. तो १९९६ च्या ऑगस्टमध्ये आमंत्रणावरच सुरू झाला हे खरं. मिलवॉकीला पहिल्या स्पर्धेत साठाव्या क्रमांकावर बरोबरीत आला, २,५४४ डॉलर मिळाले, आणि पाचव्याच स्पर्धेत लास व्हेगासला जिंकून त्याने कार्डाचा प्रश्न सोडवला. पण त्याआधी तो तीनदा यूएस ज्युनियर अमॅच्युअर आणि सलग तीनदा यूएस अमॅच्युअर जिंकला होता, दोन वर्षं स्टॅनफर्डकडून खेळला होता. वीस वर्षांचा होता, सतराचा नाही. दुसऱ्या टोकाला बेन होगन. १९१२ चा जन्म, किशोरवयात व्यावसायिक, पैसे संपले म्हणून एकाहून जास्त वेळा टूर सोडून घरी परतलेला, चेंडू डावीकडे वळवणाऱ्या हुकने पछाडलेला. एकट्याच्या नावावरचा पहिला विजय १९४० मध्ये, पाइनहर्स्टला. नंतर नऊ मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या चार स्पर्धांमधली विजेतेपदं. टायगर आणि होगन ही दोन टोकं आहेत, तुमच्या घरातला निर्णय त्यांच्यावरून घेऊ नका.

आता तुमच्या भाच्याबद्दल. तो 'वरच्या क्रमांकांत असतो' एवढ्यावरून मला काही ठरवता येत नाही. हौशी स्पर्धेत वर राहणं आणि टूरच्या कटच्या वर राहणं यात बरीच मोठी दरी असते. हँडिकॅप शून्य म्हणजे आपल्याकडे फार कौतुक, पण टूरवरचा मधला खेळाडू प्लस पाच-सहाच्या घरातला असतो, म्हणजे शून्यवाल्याहून फेरीमागे पाच-सहा शॉट पुढे. त्याचा सर्वांत चांगला स्कोअर मला सांगू नका. प्रत्येक चांगल्या मुलाकडे एक ६६ असतो. मला त्याचा वाईट दिवस किती वाईट असतो ते हवं आहे. टूरवर टिकणाऱ्यांचा वाईट दिवस ७३-७४ चा असतो. माझ्याकडे येणाऱ्या चांगल्या मुलांचा ८० चा असतो, आणि कट त्या ८० ने जातो.

तेव्हा एक काम करा. त्याची गेल्या दोन वर्षांची सगळी स्पर्धांची स्कोअरकार्डं बाहेर काढा, हरलेल्या स्पर्धांची आधी. प्रत्येक स्पर्धेची फक्त दुसरी फेरी वेगळी करा आणि तिच्यातले शेवटचे सहा होल लाल पेनाने खुणावून ठेवा. पहिल्या फेरीशी ताडून बघा. दुसऱ्या दिवशी शेवटच्या सहा होलांत तो नेहमीच दोन-तीन शॉट घालवत असेल तर व्यावसायिक व्हायची घाई करू नका, हौशी म्हणून आणखी मोठ्या, चार फेऱ्यांच्या, कट असलेल्या स्पर्धा खेळवा. तसं नसेल तर येत्या क्यू-स्कूलच्या पहिल्या टप्प्याचा अर्ज हौशी म्हणूनच भरा, वर्षभराचा प्रवास आणि कॅडीचा खर्च आधी कागदावर मांडा, आणि त्याच्यासोबत शुक्रवारी संध्याकाळी कोण असेल ते ठरवा. ते कुणीतरी स्विंगबद्दल एक शब्दही न बोलणारं असावं. कार्डं काढून झाली की दुसऱ्या फेऱ्यांचे आकडे मला कळवा, मग पुढचं बोलू.